वाकडी पाचर

मिस्त्रींच्या घरामागे, भिंतीला अगदी चिकटून, लाकडांचा एक ढीग होता. ढीग म्हटलेलं मिस्त्रींना खपायचं नाही. ते त्याला माल म्हणायचे. जुन्या चौकटींचे तुकडे, मोडक्या पलंगांचे पाय, कुणाच्या तरी पाडलेल्या घराचे वासे, शाळेनं काढून टाकलेले तेरा बाक आणि सगळ्यांच्या तळाशी कमरेएवढ्या लांबीचा, आतून पोकळ असा शिसवाचा ओंडका. बत्तीस वर्षांत त्यांनी यातलं काही टाकलं नव्हतं. कधीतरी लागेल, एवढंच ते म्हणायचे. आणि खरंच, वर्षातून एकदा काहीतरी लागायचं. तेव्हा ते एखादी फळी उपसून, तिच्यावरची धूळ फुंकून बायकोसमोर अशी धरायचे की कोर्टात खटलाच जिंकून आलेत.

शिसवाच्या ओंडक्याची गोष्ट तर न्यारीच. तो त्यांनी तरुणपणी डोक्यावरून आणला होता आणि त्याच्या तोडीचं काम काही आजवर मिळालं नव्हतं. किती गिऱ्हाइकं आली, विचारून गेली. मिस्त्री नाही म्हणाले. ओंडक्याला लोखंड लावायचं तर काम तसं पाहिजे, नाहीतर नाही.

त्या वर्षी पिकं कापून झाली, शेतं मोकळी झाली आणि रानातले उंदीर वस्तीत शिरले. दरवर्षीच शिरतात, यंदा जरा सहकुटुंब आले. उंदरांच्या मागे कोण येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते आपल्या घरी येणार नाही असंही प्रत्येकाला वाटत होतं.

सुनेनं त्याला सगळ्यात आधी पाहिलं. तिला सातवा महिना होता. शिवणयंत्र बंद करून ती पाय धुवायला मोरीकडे गेली, तर मोरीच्या भोकातून एक शेपटी शांतपणे बाहेर निघून जात होती. ती तशीच मागं सरली आणि परसात येऊन सासऱ्याला सांगितलं. मिस्त्रींनी रंधासुद्धा थांबवला नाही.

"धामण असेल. उंदीर खाते बिचारी. तिला तिचं काम करू दे, तू तुझं कर."

सून काही बोलली नाही. ती शाळांचे गणवेश शिवायची, आणि टाका चुकला तर आरडाओरडा न करता सबंध शिवण उसवणाऱ्यांपैकी होती. तिचं गप्प बसणं म्हणजे गोष्ट मिटली, असं मिस्त्रींनी धरून चालायला नको होतं.

मग बाळ घाईनं आलं, दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली. वजन कमी म्हणून मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. मिस्त्रींनी नातीला काचेबाहेरून दोनदा पाहिलं, दुसऱ्या वेळी तर नर्सनं त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा ते हलले. घरी येऊन त्यांनी बायकोला हातानं माप दाखवलं, एवढी आहे. बायको म्हणाली, ते पटाशीचं माप झालं, माणसाचं नाही.

तीन आठवड्यांनी एका सकाळी सुनेचा फोन आला. डॉक्टर आठ दिवसांनी सोडतो म्हणालेत. मिस्त्रींचा चेहरा फुलला. मग पलीकडून तिचा नेहमीचा सपाट आवाज आला.

"बाबा, मी तिकडूनच भावाकडे जाते. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिथेच राहीन."

"अगं, का?"

"मोरीतली धामण तिचं काम करते आहे ना? करू दे तिला."

भावाचं गाव गाडीनं दीड दिवसाच्या वाटेवर. सहा महिन्यांत मूल बसायला लागतं, माणसं ओळखायला लागतं, आणि ते मामाला ओळखणार, मामीला ओळखणार, शेजारच्या कुत्र्यालाही ओळखणार. आजोबा म्हणजे कोण, हे त्याला फोटोवरून सांगावं लागणार. मिस्त्री फोन हातात धरून बसूनच राहिले. बायकोनं त्यांच्यापुढे चहा ठेवला तो असा की अर्धा बशीत सांडला. बत्तीस वर्षं तिला त्या ढिगाबद्दल जे म्हणायचं होतं ते सगळं त्या बशीत होतं.

शेजारचे जमादार, पोलिसांतून निवृत्त झालेले, बातमी कळताच काठी घेऊन हजर झाले. त्यांच्याकडे उपाय तयार होते: ढिगावर रॉकेल ओता, मिरच्यांचा धूर करा आणि बाहेर आला की माझ्यावर सोपवा. मिस्त्री काठीकडे बघत होते. मिस्त्रींचा मुलगा जमादारांना म्हणाला, नको काका, मी सायकलवालीला बोलावतो.

सायकलवालीचं वळणावर पंक्चरचं दुकान होतं. दहाएक वर्षं ती साप पकडायची. रीतसर शिकली होती, वनखात्याचा परवाना होता, आणि पंक्चरच्या सामानाशेजारीच तिची लांब लोखंडी आकडी, नळीचा तुकडा आणि काळ्या कापडाच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. ती आली, हात मागं बांधून घराभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मिस्त्री मागोमाग. आपण केलेल्या चौकटीला कुणीतरी गुण्या लावून काटकोन बघतंय, तसा त्यांचा जीव खालीवर होत होता. शेवटी ती ढिगापुढे उभी राहिली.

"काका, हे कुणासाठी बांधलंय?"

"म्हणजे?"

"खालच्या मजल्यावर उंदीर, मधल्यावर साप, वर पाली. भाडं तरी घेता का?"

मिस्त्रींच्या बायकोला इतकं हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तीन आठवड्यांतलं ते तिचं पहिलं हसू होतं, त्यामुळे मिस्त्रींना रागही धड आला नाही.

सायकलवालीनं मग एकेक गोष्ट सांगितली. रॉकेल, धूर, वासाची औषधं, कशानंच साप जात नाही. खायला आणि लपायला मिळेनासं झालं की जातो. ढीग भिंतीपासून निदान पंधरा पावलं दूर न्यायचा आणि जमिनीवर नाही, गुडघाभर उंच लाकडी घोडीवर रचायचा, खालून झाडू फिरला पाहिजे. धान्य झाकणाच्या पिंपांत. मोरीला बारीक जाळी. भिंतीतलं करंगळी जाईल ते प्रत्येक भोक बंद, दाराखालची फटसुद्धा. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. आणि साप दिसलाच तर लांबून नजर ठेवायची, त्याची वाट अडवायची नाही, तिला फोन करायचा. कुणाला चावलाच तर पळायचं नाही, बांधायचं नाही, कापायचं नाही. चावलेला हात-पाय न हलवता सरळ मोठ्या दवाखान्यात.

"लाकूड उचलताना आधी लांब बांबूनं ठोकायचं," ती म्हणाली. "प्रत्येक नग. बूट आणि हातमोजे घालून. आणि यातली एक काडीही घरात न्यायची नाही. कळलं का काका?"

मिस्त्रींनी मान हलवली. ती मान खरी होती, पण एका ओंडक्यापुरती थोडी कमी हलली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बापलेक कामाला लागले. आधी घोडी बांधली. मिस्त्रींनी ती अशी बांधली की तिच्यावर हत्ती उभा करावा. मग ढीग. मुलानं बांबूनं ठोकायचं, थांबायचं, मग मिस्त्रींनी एक टोक धरायचं, त्यानं दुसरं. ऊन असं होतं की दुपारपर्यंत दोघांचे बनियन पाठीला चिकटले आणि हातमोज्यांतून घाम गळायला लागला. उंदीर तर मिरवणूक निघावी तसे निघाले. दोन विंचू निघाले, एक बेडूक निघाला, तो इतका म्हातारा दिसत होता की मिस्त्रींना त्याच्याबद्दल आदरच वाटला. आणि हरवलेल्या वस्तू निघाल्या. बायकोचं कुलूप, मुलाचा लहानपणीचा भोवरा आणि एक पितळी पट्टीचा गुण्या, ज्याच्यापायी मिस्त्री मेव्हण्याशी चार वर्षं बोलले नव्हते.

"हा तर आपलाच," मुलगा म्हणाला.

"ठेव तिकडे," मिस्त्री म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी खूप मन लावून काम केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ढीग गुडघ्याइतका उरला असताना, दोन वाशांच्या मधून कात निघाली. पातळ, कागदासारखी, हातावर धरली तर चार हात भरेल अशी. मुलानं तिचा फोटो सायकलवालीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. डोक्यामागचे खवले बघितले, ती म्हणाली, कात नागाची आहे.

मिस्त्री एका बाकावर बसले, जिथं कुणा पोरानं चाकूनं आपलं नाव कोरलं होतं. सातवा महिना लागलेली पोर मोरीतून मागं मागं सरत आली होती आणि आपण रंधासुद्धा थांबवला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली. ते मुलाला म्हणाले, तुझी बायको बरोबर होती. मुलगा म्हणाला, हे तिला सांगा, मला सांगून काय उपयोग.

उरलेला माल त्यांनी अंधार पडायच्या आत हलवला. राहिला शेवटी ओंडका. वासे, बाक, चौकटी, सगळ्यांवर बांबू बसला होता. ओंडक्यावर मिस्त्रींनी बसू दिला नाही. बांबूच्या टोकाला लोखंडी कडं होतं. शिसवावर लोखंडाचा ठोका पडला की डाग जात नाही, आणि इतकी वर्षं ज्याला सुई टोचू दिली नाही त्याला आता गावठी बांबूनं बडवायचं? शिवाय बाहेर घोडीवर दव पडणार, पोरंटोरं चढणार. मुलाला त्यांनी दुकानातून जाळी आणायला पाठवलं, आणि तो गेला तसा ओंडका एकट्यानं खांद्यावर घेतला, म्हाताऱ्या कमरेला शिव्या देत आतल्या खोलीत नेला आणि कोपऱ्यात अलगद आडवा ठेवला. वर जुनी चादर टाकली. मुलाला आणि बायकोला सांगायचं काही कारण त्यांना दिसलं नाही.

तिसरा दिवस भोकांचा. हे काम म्हणजे मिस्त्रींचा हातखंडा. एकेक भोक त्यांनी करंगळीनं मापलं, प्रत्येकासाठी सागाची पाचर वेगळी तासली, सरस लावला, मोगरीनं ठोकली आणि कडेनं भुश्याचं लुकण भरून असं घासलं की हात फिरवला तर कळू नये. सतरा भोकं निघाली. मोरीला जाळी बसली. दारांच्या खाली पट्ट्या बसल्या, इतक्या नेमक्या की दार लावलं की घरातला आवाज बदलायचा. संध्याकाळी त्यांनी सुनेला फोन करून सांगितलं: सतरा भोकं होती, सतराही बुजवली, आता मुंगीनं यायचं म्हटलं तरी दार वाजवावं लागेल. आणि दुसरं एक सांगितलं. "त्या दिवशी मी तुझं ऐकायला पाहिजे होतं." मग ती म्हणाली, बघते.

बघते म्हणजे नाही नव्हे. त्या दिवशी मिस्त्री जेवताना दोनदा गुणगुणले.

चौथ्या दिवशी सकाळी बायको आतल्या खोलीत केर काढायला गेली आणि केरसुणी हातातच राहिली. आदल्या दिवशी दाराचा तळ तासला होता, त्याचा पिठासारखा बारीक भुसा फरशीवर पसरला होता. त्या भुश्यातून एक नागमोडी रेघ गेली होती. कोपऱ्यातल्या चादरीपासून निघून, पलंगाच्या पायांमधून, भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत, दाराच्या नव्या पट्टीशी थांबून, परत चादरीपर्यंत.

ती ओरडली नाही. दार लावून घेतलं, बाहेर आली आणि विचारलं, "अहो, कोपऱ्यात चादरीखाली काय आहे?"

मिस्त्रींनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांना कळलं. साप घरात शिरलाच नव्हता. त्याला त्यांनी खांद्यावर बसवून आणलं होतं, कानाला कान लावून, आणि मग घराची सतरा भोकं बंद करून त्याला आत कोंडलं होतं. नातीच्या खोलीत. जिथं तिचा पलंग येणार तिथून चार हातांवर.

सायकलवाली दहा मिनिटांत आली. सगळं ऐकून तिनं मिस्त्रींकडे बघितलं, पण ओरडली नाही. त्यांचा चेहरा बघून तिला ते अनावश्यक वाटलं असावं. तिनं दाराच्या फटीतून लांबूनच बॅटरी मारली. रेघा दोन होत्या, जाणारी आणि येणारी. शेवटची आत गेलेली. गडी घरात आहे म्हणाली, आणि घरात म्हणजे ओंडक्यात. तरी ती नियमानंच चालली. सगळ्यांना अंगणात काढलं. तिच्या सांगण्यावरून मिस्त्रींनी बाहेरच्या बाजूनं, त्याच खोलीतल्या धान्याच्या पिंपामागची, सगळ्यात मोठ्या म्हणजे अकराव्या भोकाची पाचर उपसून काढली. कोंडलेला साप बिथरतो, त्याला जायला एक वाट पाहिजे; माझा अंदाज चुकला तर तो तिथून जाईल, ती म्हणाली.

जमादार काठीसकट आलेच होते, आणि त्यांच्या मागं निम्मी गल्ली. सायकलवालीनं काठी त्यांच्या हातातून घेतली नाही.

"जमादार, सगळ्यात जोखमीचं काम तुम्हाला देते. फाटकाच्या आत एक माणूस येता कामा नये."

जमादारांची छाती वीतभर वर आली. त्यांनी काठी आडवी धरून गल्लीला असं मागं रेटलं की दोन बायकांना नळावरची रांग सोडून द्यावी लागली.

मग ती मिस्त्रींकडे वळली. ओंडका दोन्ही बाजूंनी आरपार पोकळ आहे का? आहे, मिस्त्री म्हणाले, आणि भडाभडा बोलायला लागले. दाराकडचं तोंड सव्वापाच इंच, भिंतीकडचं पावणेचार, मधे एक गाठ आहे पण तिथंही तीन बोटं वाट आहे. ती ऐकत राहिली. असा माणूस तिला आजवर भेटला नव्हता, ज्याला सापाच्या बिळाची मापं तोंडपाठ आहेत.

"मग मला भिंतीकडच्या तोंडाचं झाकण करून द्या. लांब दांडीचं. घट्ट बसलं पाहिजे."

मिस्त्री परसात गेले. करवत उचलली. एक इंच जाड फळीतून त्यांनी बिनमापाचं, नुसत्या आठवणीनं वर्तुळ कापलं, कडेला उतार दिला, सहा फुटी दांडी ठोकली. पंधरा मिनिटं. इतक्या मन लावून त्यांनी लग्नातला पाटसुद्धा केला नव्हता.

सायकलवाली एकटीच आत गेली. मिस्त्री, बायको आणि मुलगा खिडकीच्या गजांबाहेर, तिनं आखून दिलेल्या जागी. तिनं आकडीनं चादर ओढून बाजूला केली. ओंडक्यातून फूत्कार आला, सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा, पण लांबलचक. बायकोनं मिस्त्रींचं मनगट धरलं. सायकलवाली जागची हलली नाही. आवाज संपेपर्यंत थांबली, मग हळूच वळसा घालून दांडी पुढे केली आणि झाकण भिंतीकडच्या तोंडात दाबलं. ते बसलं. डबीचं झाकण बसावं तसं बसलं. दुसऱ्या तोंडाशी तिनं आकडीनं नळी सरकवली, नळीच्या दुसऱ्या टोकाला काळी पिशवी, आणि मधल्या फटीत चिंध्या. मग ती ओंडक्याच्या मागच्या बाजूला लांब उभी राहिली, आकडी उचलली आणि एकदम थांबली. खिडकीकडे बघून म्हणाली,

"काका, लोखंड आहे. ठोकू का?"

मिस्त्रींनी ओंडक्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं.

"ठोक," ते म्हणाले. "जोरात ठोक."

तिनं ठोकलं. शिसवाचा आवाज किती गोड निघतो, हे मिस्त्रींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. टण. टण. टण. थोडा वेळ काहीच नाही. मग नळी किंचित हलली आणि काळी पिशवी तळापासून जड होत गेली, जणू तिच्यात कुणी धान्य ओततंय. सायकलवालीनं आकडीनंच पिशवीच्या गळ्याला पीळ दिला, दोन दोऱ्या आवळल्या, पिशवी सोबत आणलेल्या मोठ्या बरणीत ठेवून झाकण लावलं आणि मग पहिल्यांदा कपाळावरचा घाम पुसला.

गल्लीत बातमी फाटकावरून गेली. सगळे एकदम बोलायला लागले आणि जमादार सगळ्यांत जास्त. मिस्त्रींची बायको हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच पदरात. मुलगा सायकलवालीबरोबर साप सोडायला दूरच्या झाडीपर्यंत गेला. परत येऊन म्हणाला, पिशवी उघडली, त्यानं फणा काढून एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि गवतात शिरला, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. इतकी वर्षं आसरा दिला, आणि निरोपाचा शब्द नाही, असं मिस्त्रींच्या मनात येऊन गेलं. पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग त्यांनी ओंडका परसात आणला. या वेळी मुलानं बांबूनं आधी ठोकला, दोनदा. मिस्त्रींनी त्यावर करवत लावली. मधलं पोकळ, कुजकं गेलं. कडेचा जो घट्ट, काळाभोर भाग उरला त्यातून त्यांनी चार उंच पाय काढले, गुळगुळीत, सापालाच काय, मुंगीलाही चढताना विचार पडेल असे. त्या पायांवर नातीचा छोटा पलंग उभा राहिला, चारी बाजूंनी कठडा आणि वर मच्छरदाणीची चौकट. दोन दिवस आणि तिसऱ्याची दुपार, त्यांना जेवायला चार-चार हाका माराव्या लागत होत्या. तोडीचं काम शेवटी आलं होतं, आणि तेही अडीच किलोचं.

आठव्या दिवशी रिक्षा फाटकाशी थांबली. सून उतरली, छातीशी दुपट्यातलं गाठोडं. रिक्षातली पिशवी तिनं उतरवू दिली नाही. भावाकडे जायची गाडी संध्याकाळी आहे, ती म्हणाली. आधी घर बघते.

ती बघायला लागली. घोडीवरचा माल बघितला, खाली वाकून आरपार बघितलं. मोरीची जाळी बोटानं ओढून पाहिली. मग भिंती. प्रत्येक पाचरेवरून तिनं करंगळी फिरवली, शिवणीवरून फिरवतात तशी, आणि मनात मोजत गेली. मिस्त्री मागोमाग. आतल्या खोलीत पलंग बघून ती थांबली, एका पायावरून हात फिरवला. पुढे गेली.

"सोळा," ती म्हणाली. "तुम्ही सतरा म्हणाला होतात."

तिनं धान्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. मुलानं पिंप सरकवलं. अकरावं भोक तिथं उघडंच होतं, आणि त्यातून बाहेरचं ऊन बांगडीएवढं फरशीवर पडलं होतं. सापाच्या वाटेसाठी पाचर काढली, साप गेला, आनंदीआनंद झाला, पलंगाचं काम निघालं आणि हे राहून गेलं. सुतारकामात सबंध जन्म घालवलेला माणूस, आणि त्याच्या सुनेला भोक सापडलं.

मिस्त्री गेले, शिसवाच्या उरलेल्या तुकड्यातून एक पाचर तासून आणली, मोगरी आणली आणि भिंतीशी गुडघे टेकून बसले. पाचर नीट दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाबा, उठा," सून म्हणाली.

ते उठले. संपलं, त्यांना वाटलं. आता रिक्षा.

"हात रिकामे करा."

तिनं त्यांच्या हातातून मोगरी घेतली, पाचर घेतली. त्यांनी हात शर्टाला पुसले, परत पुसले, तिसऱ्यांदा पुसले. तिनं गाठोडं त्यांच्या हातांवर ठेवलं. ते इतकं हलकं होतं की मिस्त्रींनी श्वास रोखला. आत एक लालसर तोंड होतं. त्यानं जांभई दिली, आजोबांकडे बघितल्यासारखं केलं आणि त्यांचं भुश्यानं भरलेलं बोट मुठीत घट्ट धरलं.

सून गुडघ्यांवर बसली. करंगळीनं भोक चाचपलं, पाचर लावली आणि मोगरी मारली. पहिला ठोका भिंतीवर गेला. दुसरा पाचरेच्या कडेवर. तिसऱ्या-चौथ्यात ती आत गेली, घट्ट गेली, पण तिरकी; चांगली दोन सूत तिरकी. तिनं बोटानं दाबून पाहिली, हलली नाही. मग मान वर करून सासऱ्याकडे बघितलं.

"बसली का?"

मिस्त्रींनी पाचरेकडे पाहिलं. त्यांच्या हातून अशी पाचर जन्मात गेली नव्हती, आणि दुसऱ्या कुणी मारली असती तर त्यांनी ती उपसून परत मारली असती. चार वर्षांनी सापडलेला गुण्या शेजारच्या खिडकीत होता. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"बसली," ते म्हणाले.

"मग पिशवी उतरवा रिक्षातली," सून नवऱ्याला म्हणाली.